रात्रभराची बैठक : वाट पाहणारी नायिका प्रहराप्रहरानं कशी मांडावी?

शहापूरकर
कोजागरीला बेळगावात जुन्या वाड्याच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, रात्रभराची बैठक ठरते आहे. विषय एकच : येतो म्हणून सांगून न आलेल्या माणसाची वाट पाहणारी बाई. रात्री ९ पासून उजाडेपर्यंत. दोन गायिका, एक गायक, तबला, पेटी आणि थोडं निवेदन. श्रोते चाळीस-पन्नास. विरहाच्या चिजा सगळ्यांकडे भरपूर आहेत, पण एकाच रंगाच्या. अकरा वाजेपर्यंत रडून झालं तर पुढची रात्र काढायची कशावर? रागांचा क्रम, ताल, वाद्यं लावण्यातल्या खाचाखोचा, जमलं तर दिवा-फुलं-विडा यांचंही जाणत्यांनी सविस्तर सांगा की.

मारुतीगल्ली
आधी माइकचं ठरवा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सणासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, त्यापुढे नाही. बंद सभागृहाला मुभा आहे, पण सोपा आणि मधला चौक हे बंद सभागृह होत नाही. पन्नास माणसांना माइक लागतच नाही. गाणाऱ्यांना चौकात न बसवता सोप्याच्या मागच्या भिंतीला पाठ करून बसवा, म्हणजे आवाज भिंतीवरून पुढे येतो. चौकात बसवलं तर तो वरच्या वर निघून जातो आणि गाणारा तासाभरात गळा ताणायला लागतो.

बागेश्री_चिकोडी
शहापूरकर, पहिली गोष्ट ही की रडं तीनच्या आधी येऊ द्यायचं नाही. वाट पाहणं म्हणजे रडणं नव्हे. त्या रात्रीतला बराचसा वेळ ती बाई आशेवर असते, आणि ती आशा कशी कशी झिजत जाते हेच गायचं असतं.

भरताच्या नाट्यशास्त्रात नायिकेच्या आठ अवस्था सांगितल्या आहेत. त्यातल्या चार या एका रात्रीत ओळीनं बसतात. वासकसज्जा : घर आवरलेलं, शेज घातलेली, स्वतः नटलेली, तो येणार याची खात्री. विरहोत्कंठिता : वेळ टळून गेली, पण ती त्याच्याच बाजूनं कारणं शोधते आहे. विप्रलब्धा : वेळ ठरवूनही तो आला नाही, म्हणजे फसवलेली. खंडिता : तो पहाटे येतो, पण दुसरीकडची खूण अंगावर घेऊन.

प्रोषितभर्तृकेला मात्र या बैठकीत घेऊ नका. तिचा माणूस परगावी आहे आणि आज येणार नाही हे तिला ठाऊक आहे. तिची वाट महिन्यांची, ऋतूंची. बारमासी, कजरी, पावसाची गाणी तिची. गोड आहेत म्हणून ती मधेच घुसवली की घड्याळ सुटतं आणि श्रोत्याला आपण कुठल्या तासाला बसलोय तेच कळेनासं होतं. बैठका सपाट होतात त्या बहुधा याच कारणानं.

आता राग. ९ ते साडेदहा वासकसज्जा. बिहाग, त्यानंतर तिलककामोद किंवा खमाजात एखादी हलकी चीज. बिहागात गंधार वादी (मुख्य सूर), निषाद संवादी (त्याचा जोडीदार), आरोहात रे-ध नाहीत, सगळं कसं मोकळं आणि उभारीचं. दोन मध्यमांपैकी तीव्र मध्यम नुसता शिवून यायचं. या तासातली शंका तेवढीच. लय मध्य ठेवा, विलंबितात बसलात की पहिल्याच तासात उसासे ऐकू यायला लागतात.

साडेदहा ते साडेबारा विरहोत्कंठिता. सुरुवात जयजयवंतीनं. दोन्ही गंधार, दोन्ही निषाद. शुद्ध गंधारावर ती स्वतःची समजूत घालते, कोमल गंधाराशी ती समजूत ढिली पडते. खमाज अंगाकडून काफी अंगाकडे नेणारा राग आहे, म्हणून शास्त्रात त्याला परमेलप्रवेशक म्हटलंय. त्याच्या पाठोपाठ बागेश्री नीट बसतो, आधी मुळीच नाही.

साडेबारा ते तीन मालकंस. इथे शब्द कमी करा. रिषभ-पंचम नाहीत, मध्यमावर मुक्काम, मंद्र आणि मध्य सप्तक पुरे. आठवण, चिंता आणि शेवटी जडता, म्हणजे हलावंसंही न वाटणं. या दोन-अडीच तासांना घाबरून लोक इथे द्रुत तराणे घालतात आणि श्रोत्यांना उठवून बसवतात. नका घालू. डोळा लागला तर लागू दे.

तीननंतर विप्रलब्धा, सोहनीत. पुढचं इतर लोक सांगतीलच.

जुई_जाई
अक्का, एक विचारते. विप्रलब्धा आणि खंडिता दोन्ही रागावलेल्याच ना? मग गायकीत फरक कसा करायचा?

बागेश्री_चिकोडी
विप्रलब्धेसमोर कुणी नाही. ती बोलते ती सखीशी, रिकाम्या शेजेशी, दागिन्यांशी. राग आहे पण तो जाऊन आदळणार कशावर? म्हणून सोहनी : सगळं उत्तरांगात (सप्तकाच्या वरच्या भागात), धैवत वादी, तार षड्जाभोवती घिरट्या, पंचम नाही. आवाज खाली येऊन टेकतच नाही. खंडितेसमोर तो उभा आहे. तिचं बोलणं थेट त्याच्याशी, वाक्यं छोटी, टोमणे शब्दांत, सूर मात्र शांत. ललत किंवा जोगिया. खंडितेला आरडाओरडा केलात की ती विप्रलब्धाच वाटते. या दोघींची जागा बदलूनही चालत नाही. तो आल्यानंतर 'का आला नाहीस' गाण्यात काय अर्थ?

तानपुरा_मिरज
रागांचा हा क्रम वाचायला सोपा, लावायला अवघड आहे. तानपुऱ्याची पहिली तार बघा : बिहागला पंचम, जयजयवंतीलाही पंचम, बागेश्री आणि मालकंसला मध्यम, सोहनीला निषाद (काही जण धैवत लावतात), ललतला मध्यम, भैरवीला पुन्हा पंचम. तानपुऱ्यांच्या एकाच जोडीवर रात्रभर हे केलंत तर प्रत्येक बदलानंतर तार पंधरा-वीस मिनिटं सरकत राहणार. पंचमावरून मध्यमावर तार उतरवली की ताण कमी होतो आणि जवारीचा (घोडीवर तारेखाली सरकवलेला) दोराही जागचा हलवावा लागतो, नाहीतर तार बोलतच नाही, नुसती भणभणते.

म्हणून चार तानपुरे ठेवा. एक जोडी पंचमात, दुसरी मध्यमात. मालकंस चालू असताना पंचमाची जोडी आतल्या खोलीत नेऊन सावकाश निषादापर्यंत चढवा. एकदम चढवू नका, थोडी चढवा, हातानं हलकेच ओढा, उतरेल तेवढी परत चढवा. सोहनीच्या किमान अर्धा तास आधी ती निषादावर स्थिर हवी. सोहनीला मध्यमाची जोडी चालणार नाही, कारण रागात तीव्र मध्यम आहे आणि मागे शुद्ध मध्यम वाजत राहिला तर गाणारा बेसूर वाटतो, चूक नसताना. सोहनी झाल्यावर तीच जोडी पंचमावर उतरवून ठेवायची, भैरवीसाठी.

दुसरं, बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. कोजागरीला दोननंतर चांगलाच गारठा येतो आणि दवही पडतं. गारठ्यानं तार आक्रसते, सूर चढतो. मोठा फरक तारेतल्या सरकत्या मण्यांनी सावरत बसू नका, खुंटीनं सावरा आणि मणी शेवटच्या केसभर फरकासाठी ठेवा. तानपुरे उघड्या चौकाच्या कडेला उभे करू नयेत. वाजत नसलेली जोडी गवसणीत.

डग्गा_निपाणी
मिरजकरांनी तारेचं सांगितलं, चामड्याचं उलटं असतं. दवानं पुडी (तबल्यावरचं चामडं) सैल पडते आणि तबला उतरतो. म्हणजे दोनच्या सुमारास तानपुरा वर चाललाय आणि तबला खाली, दोघांमधलं अंतर दुप्पट होतं. गाणारा मधे सापडतो. उपाय : मालकंस सुरू व्हायच्या आधी दुसरा तबला काढायचा, जो तोवर आतल्या खोलीत गुंडाळून ठेवलाय. तो आयत्या वेळी मिळवायला गजऱ्यावरचे (पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवरचे) हलके ठोके पुरतात. वरून खाली मारलं की चढतो, खालून वर मारलं की उतरतो. गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकायची वेळ आली तर समजा आधीच उशीर झाला. पुडी शेगडीवर धरून तापवू नका. तात्पुरती चढते, पण शाईला तडा जातो.

मालकंसला तबला पंचमात मिळवायचा नाही, षड्ज किंवा मध्यमात. सांगायची गरज नसावी, पण रात्रीच्या बैठकीत हेच विसरलं जातं.

ताल : बिहागाला त्रिताल, मध्यलय. खमाजाच्या चिजेला दादरा चालेल, मात्र लग्गी (ठेक्यातली जलद बोलांची भर) लांबवू नका, ती अजून घर आवरते आहे. जयजयवंती झपताल. बागेश्री ठुमरी अंगानं गाणार असाल तर दीपचंदी, १४ मात्रा. मालकंस विलंबित एकतालात, ठेका अगदी कमी भरलेला. सोहनीला द्रुत त्रिताल किंवा अद्धा. तिथे लय वाढली तरी चालते, तिचा तोलच गेलेला असतो.

घटप्रभाकाठ
आपल्या जिल्ह्यातल्या माणसांनी हे विचारताना श्रीकृष्ण पारिजात विसरून कसं चालेल? कुलगोड हे त्याचं गाव, पूर्वी गोकाक तालुक्यात. कुलगोड तम्मण्णांनी रुळवलेला हा खेळ रात्रभर चालतो, कन्नडमध्ये, पण चालींत हिंदुस्थानी राग आणि नाट्यसंगीत दोन्ही ऐकू येतात, म्हणून मराठी माणसालाही तो परका वाटत नाही. पेटी, तबला, टाळ एवढ्यावर उभा. नारदानं आणलेलं पारिजातकाचं फूल कृष्ण रुक्मिणीला देतो, ते सत्यभामेला कळतं, आणि रात्र तिच्या रुसण्यावर आणि वाट पाहण्यावर चालते.

तिथून घ्यायची गोष्ट म्हणजे दूती, निरोप नेणारी सखी. सत्यभामा एकटी बसून तास न् तास गात नाही. भागवत, म्हणजे सूत्रधार, हाच सखी होऊन तिला प्रश्न विचारतो, उलटा बोलतो, चिडवतो, निरोप घेऊन जातो. ती गाते ते बहुतेक उत्तर म्हणून गाते. तुमच्याकडे निवेदन आहेच. ते 'आता आपण ऐकणार आहोत' पद्धतीचं न ठेवता निवेदिकेला सखीच्या जागी बसवा. दोन चिजांच्या मधे एकच प्रश्न. 'दिवा बारीक करू का गं?' एवढा पुरतो. त्यावर पुढची चीज उत्तर म्हणून येईल. शब्द ब्रज भाषेत असले तरी अर्थ सांगत बसायची वेळ येत नाही.

एक भान ठेवा. सत्यभामा मानिनी आहे, हक्कानं रुसलेली. तिचा तोरा विरहोत्कंठितेला लावू नका. जमलं तर अकराच्या सुमारास एक कन्नड पद जरूर घ्या, इथल्या श्रोत्यांना दोन्ही भाषा कळतात.

सडेतोड_खानापूर
रागांच्या वेळा हा संकेत आहे. दुपारी बंद खोलीत बागेश्री गायला तर तो काही कमी बागेश्री होत नाही. प्रहरांच्या मागे लागून गाणाऱ्याला जो राग चढत नाही तो गळ्यात मारू नका.

बागेश्री_चिकोडी
संकेत आहे हे मान्य. पण या बैठकीत श्रोता खरोखर नऊपासून जागा आहे. त्याचा थकवा, गारठा, चंद्राची जागा, सगळं त्या बाईबरोबर पुढे सरकतंय. हे फुकट मिळालेलं सोडायचं कशाला? राग चढत नसेल तर त्याच प्रहरातला दुसरा घ्या. सोहनी जमत नसेल तर परज आहे, ललत जड वाटला तर कालिंगडा आहे.

वाटणी मात्र गळ्याकडे बघून करा. सोहनी गाणारीनं साडेबारानंतर तोंड उघडायचं नाही, गप्पाही नाहीत. तीननंतर तार सप्तकात जायचंय, थकलेला गळा तिथे फाटतो. मालकंस गायकाला द्या किंवा ढाल्या आवाजाच्या गायिकेला. कोमट पाणी आणि ज्येष्ठमध. मसाला दूध गाणं संपल्यावर, आधी नाही, घशात साय धरते.

जुई_जाई
चंद्राचा हिशोब कुणी सांगेल का? निवेदनात घालता येईल.

तानपुरा_मिरज
पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो, सूर्योदयाला मावळतो. बेळगावात त्या दिवसांत तो रात्री सव्वाबाराच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे चांदणं सरळ चौकात. पुढे तो पश्चिमेला कलतो आणि तिकडच्या भिंतीची सावली चौकात सरकत येते, चार वाजता निम्मा चौक अंधारात. अकरा-सव्वाअकरापर्यंत मृग नक्षत्र पूर्वेला पूर्ण वर आलेलं असतं, आकाश निरभ्र असलं तर सखीला ते दाखवता येईल. चिजा निवडतानाही हे बघा. 'चंद्र आत्ता उगवतोय' अशा अर्थाची चीज मध्यरात्री गायली तर ती वद्य अष्टमीची रात्र होते, कोजागरीची नव्हे.

पारिजातक_नंदगड
दिवा आणि फुलांचं मी लिहिते.

समई सोप्याच्या आतल्या बाजूला, वाऱ्याच्या झोतात नको. सुरुवातीला पाची वाती लावा, वासकसज्जेचं घर उजळलेलं हवं. साडेबाराला तीन शांत करा, तीनला आणखी एक. फुंकर घालायची नाही, फुलाच्या पाकळीनं. उरलेली एक वात पहाटेपर्यंत. मध्यम जाडीची वात ताशी साधारण ५ ते ८ मिली तेल पिते, म्हणजे नऊ तासांना एका वातीला ४५ ते ७० मिली. पाच वाती नऊ ते साडेबारा धरल्या तर तेवढ्यातच ९० ते १४० मिली जातं. समईच्या वाटीत एवढं मावत नाही, म्हणून साडेबाराला वाती कमी करताना तेल घालून घ्या. मालकंसाच्या मधे कुणी तेलाची बुधली घेऊन उठायला नको. शेंगतेल चालतं, तिळाचं असलं तर काजळी कमी धरते. वातीच्या टोकाला गाठ धरली की ज्योत लाल होते आणि धूर सुटतो, काडीनं गाठ झाडून वात जराशी पुढे सारायची. आदल्या रात्री एकदा जाळून बघा, वातीगणिक फरक पडतो.

फुलं : गाण्यांत मोगरा असतो, पण तो उन्हाळ्याचा. अश्विनात त्याच्या भरवशावर राहू नका. जाई-जुई सरत आलेली असते, मिळाली तर कळ्यांचेच गजरे घ्या, केळीच्या पानात गुंडाळून ओलं फडकं वरून. सातच्या कळ्या नऊ-दहापर्यंत उमलतात, वास तेव्हाच सगळ्यात जास्त, पहाटे कडा तपकिरी. गाणारीच्या केसांतला गजरा ताजा बदलू नका, तो रात्रीबरोबरच सुकायला हवा. पारिजातक अंधार पडल्यावर उमलतो आणि पहाटे आपणहून गळतो. तोडायचा नसतो. वाड्यात झाड असेल तर रात्रीच खाली स्वच्छ पंचा अंथरून ठेवा.

विडा : तबकात मांडलेला विडा तासा-दीड तासात कडेनं काळवंडतो, चुना सुकून पान ताठ होतं, लवंग निसटते. वासकसज्जेच्या वेळी ताजे मांडा आणि तसेच राहू द्या. सखीनं दोनच्या सुमारास त्या तबकाकडे नुसतं बघितलं तरी पुरे. श्रोत्यांचे विडे वेगळे, ओल्या फडक्यात.

डग्गा_निपाणी
पारिजातक, फार नेमकं लिहिलंत. शहापूरकर, हे छापून घ्या.

शहापूरकर
सगळ्यांचे आभार. दोन शंका उरल्या. एक, बोल बनाव. गायिका म्हणतात, एकच ओळ अर्धा तास गायची तर पुनरुक्ती होते. दोन, तो शेवटी यावा की नाही?

बागेश्री_चिकोडी
पुनरुक्ती होते ती सुरांनी सजावट केली की. बोल बनाव म्हणजे प्रत्येक वेळी अर्थ बदलणं. समजा ओळ अशी आहे : 'दार लोटलंय, कडी घातली नाही.' बागेश्रीत घ्या. पहिल्यांदा जोर 'कडी'वर, म-ध-कोमल नि करत धैवतावर थांबा : ये, अडवणारं काही नाही. मग 'नाही' ध-म-कोमल ग असं खाली सोडा : घातली नाही खरी, पण काय उपयोग? मग 'दार' एवढाच शब्द, मध्यमावर लांब, पुढचं म्हणायचंच नाही : पावलं वाजली का, याचा कानोसा. मग 'लोटलंय' घाईनं, छोट्या मुरकीत : वाऱ्यानं तर लागलं नसेल? तीननंतर सोहनीत तीच ओळ पुन्हा आणा, 'घातली नाही' तार षड्जावर : आता तो दोष आहे, स्वतःचा की त्याचा हे ऐकणाऱ्यानं ठरवावं. हे सगळं तालाच्या आत, समेवर येताना शब्द तोडायचा नाही. 'क-डी' असा फुटला की अर्थ गेला. आणि गाणारीनं दाराकडे एकदाच बघावं. प्रत्येक आवर्तनाला मान वळवली की नजरेतला जीव जातो.

बैठकीच्या लावणीत हेच बसून, हात आणि डोळ्यांनी करतात. तो अभ्यास असलेली बाई मिळाली तर खमाजाची जागा तिला द्या.

टाळकरी_येळ्ळूर
दुसऱ्या शंकेवर. भजनात विराणी आहे, तिथे वाट विठ्ठलाची आणि तो येतोच, कारण तो कधी गेलेलाच नसतो. तुमच्या विषयात तसं नाही. तरीही ललताच्या आधी एक विराणी ठेवावी असं मला मनापासून वाटतं. सोहनीच्या रागानंतर एकदम टोमणे सुरू झाले तर त्या बाईची माया दिसायची राहते. विराणी एकतारी आणि चिपळ्यांवर, तबला बंद.

वेळेचं बघा. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळांत काकडा असतो. पहाटे पाचच्या आसपास घंटा आणि टाळ सुरू झाले की तुमचं बिनमाइकचं गाणं त्यात बुडणार, आणि निम्मे श्रोते काकड्याला उठणार. सूर्योदय साडेसहाच्या आसपास, म्हणजे तोवर ताणायचं म्हटलं तरी जमणार नाही.

घटप्रभाकाठ
तो यावा, पण गाणाऱ्या गायकानं 'तो' होऊ नये. सखीनं एवढंच विचारावं, 'कडी काढू का?' मग ललत. श्रोत्याला तो दिसायची गरज नाही.

सडेतोड_खानापूर
मी उलट म्हणेन. येऊ देऊ नका. खंडिता आली की विषय त्याच्या वागण्याकडे जातो. रात्रभर तिच्यापाशी बसलेल्या श्रोत्याला शेवटी दुसऱ्याच बाईची गोष्ट ऐकवायची?

बागेश्री_चिकोडी
सडेतोड, इथे तुमचं म्हणणं पटतं. शहापूरकर, तुमचा विषयच 'न आलेल्या माणसाची वाट' असा आहे. खंडिता वगळा, ललतही वगळा. तीन ते चार सोहनी, त्यानंतर टाळकरींची विराणी, सव्वाचारला जोगिया आणि भैरवी. सखीचा शेवटचा प्रश्न सोहनीच्या आधीच संपवा, पुढे तिनं बोलायचं नाही.

तानपुरा_मिरज
मग ललतसाठी मध्यमाची जोडी पुन्हा लावायचं काम वाचलं. विराणी एकतारीवर असल्यानं निषाद उतरवून पंचम करायला तेवढी फुरसत मिळते. विराणीची एकतारी मात्र रात्रीच्या षड्जातच लावा, नाहीतर भैरवीला सूर पुन्हा शोधत बसावं लागेल.

टाळकरी_येळ्ळूर
आणि भैरवी पावणेपाचला आवरा. पंधरा मिनिटांत चार तानपुरे गवसणीत जातात, ज्यांना काकड्याला जायचंय ते वेळेत पोचतात.